'गोम' शब्दाचें कुळ

निबंधांत 'गोम' हा शब्द ग्राम्य दिसेल या भीतीनें कित्येक विद्यार्थी 'शतपदी' लिहितात. संस्कृत शब्द वाईट नव्हे. परंतु गोमेचें कुळ हलकें आहे हा समज मात्र निराधार आहे.

शेणखताच्या ढिगाखालीं ती सांपडते, म्हणून 'गोमय' शब्दापासून 'गोम' निघाली असें कोणी सुचवितात. कल्पना मनोहर आहे. पण 'गोमय' नपुंसकलिंगी आणि गोम स्त्रीलिंगी! शिवाय 'जीवविचार' या जैनांच्या प्राकृत ग्रंथांत त्रींद्रिय जीवांच्या यादींत ढेकूण, ऊ व मुंगी यांच्या पंक्तीस 'गोमी' बसलेली आहे. प्राकृतांतील शेवटचा दीर्घ स्वर मराठींत गळतो. 'रत्ती'ची रात झाली, 'जिब्भा'ची जीभ झाली. तशीच 'गोमी'ची गोम.

'शतपदी' म्हणणाऱ्यांची गणनाही चुकते. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमीं विषम असतात, मोठ्या घोणीस बहुधा २१. तेव्हां ५० जोड्या भरावयाच्या कशा? 'कनखजूरा' या नांवांत कान आहे, तो ती कानांत शिरते या भयामुळें. निजामी राज्यांत १९४८ पर्यंत उर्दू राजभाषा होती, तरी परभणीकडील मराठी घरांत गोम ही गोमच राहिली.

खरी मौज पुढेंच आहे. घोड्याच्या अंगावर उलट फिरलेल्या केसांची जी ओळ असते, तीसही गोम म्हणतात, कारण ती गोमेसारखी दिसते. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. अशा बाजारांत जाणतें गिऱ्हाईक केवळ रंग व चाल पाहून पैसे मोजीत नाहीं. तें अंगावर हात फिरवून केस तपासतें. अशुभ मानलेली गोम निघाली कीं सौदा फिसकटला! केसांच्या वळणावर मालकाचें दैव ठरतें, हें आम्हांस मान्य नाहीं. पण वरून उत्तम दिसणाऱ्या मालांतील झांकलेलें वैगुण्य दाखविण्यास याहून नेमका शब्द कोणता? करार वाचून वकील 'यांत एक गोम आहे' म्हणतो, तेव्हां तो माझ्या मतें याच बाजाराची भाषा बोलतो. तेथें 'यांत एक शतपदी आहे' असें म्हणून पाहावें!

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाहीं, ही म्हण आपण धनिकाच्या किरकोळ नुकसानीस लावतों. प्राणिशास्त्र तर याहून पुढें जातें: कात टाकतांना मोडलेला पाय तिला पुन्हां फुटतो.