लेनर्डला मिळालेले जीवदान

सन १९२२ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. कॅनडातील टोरंटो शहराच्या एका रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मृत्युशय्येवर पडला होता. त्याचा केवळ अस्थिपंजर उरला होता. त्याला मधुमेह जडला होता.

मधुमेह म्हणजे काय? आपण खाल्लेल्या भाताची, भाकरीची शरीरात साखर बनते व ती रक्तातून सर्वत्र जाते. पण तिच्यापासून शक्ती मिळण्यासाठी स्वादुपिंडातून स्रवणारा इन्सुलिन नावाचा रस लागतो. कोणाच्या शरीरात हा रस मुळीच तयार होत नाही, तर कोणाच्या शरीरात तो पुरा पडत नाही. मग साखर रक्तात साचते व लघवीवाटे वाहून जाते. कोठार धान्याने भरलेले असावे, पण किल्ली हरवल्यामुळे घरच्यांना उपास घडावा, तशी रोग्याची स्थिती होते. त्याला सारखी तहान लागते आणि खाऊनही तो रोडावतो. त्या काळी अशा मुलांना अगदी थोडे अन्न देऊन आणखी काही दिवस जगविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

१९२१ साली टोरंटोच्या विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, डॉ. बँटिंग व त्यांचे तरुण सहकारी बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो लेनर्डला टोचण्यात आला. परंतु अर्क अशुद्ध होता. गुण फारसा आला नाही. उलट टोचल्या जागी गळू झाले. तरी कोणी धीर सोडला नाही. रसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीस पुन्हा उपचार सुरू झाले. लेनर्डच्या रक्तातील साखर उतरली. त्याच्या अंगी बळ येऊ लागले. पुढे तो तेरा वर्षे जगला. संशोधकांनी या शोधाचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी नाममात्र एका डॉलरला देऊन टाकले.

मुलांनो, इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही. तो ताब्यात राहतो. मात्रा कमी पडली तर साखर वाढते, अधिक झाली तर ती एकदम उतरून रोगी बेशुद्धही पडतो. म्हणून आजही किती औषध घ्यावे, काय खावे, व्यायाम किती करावा, हे तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे लागते. डोळे, मूत्रपिंडे व पाय यांचीही वेळोवेळी तपासणी करावी लागते.

तुमच्या वर्गात असा एखादा सोबती असेल, तर त्याला हसू नका. हा रोग स्पर्शाने होत नाही. त्याला घाम सुटून कापरे भरले, तर ताबडतोब गुरुजींना किंवा बाईंना सांगा व तो शुद्धीवर असेल तर त्याला साखर खाऊ द्या.

डॉ. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. तोच आपला बालदिन. त्या दिवशी लेनर्डची आठवण अवश्य करा.

स्वाध्याय
१. पहिल्या उपचाराने लेनर्डला गुण का आला नाही?
२. ‘इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही, तो ताब्यात राहतो,’ हे विधान स्पष्ट करा.