यंत्र आलं, घर तिथेच राहिलं

आमच्या घरच्या ‘कालनिर्णय’वर दुधाच्या हिशेबाशेजारी गेल्या वर्षी आणखी एक खूण दिसायला लागली. निळ्या पेनाने काढलेला बारीक ‘क’. ज्या दिवशी कॉफीचं यंत्र वापरलं, त्या दिवशी ‘क’. खुणा हिने केलेल्या. मला पत्ताच नव्हता. पाच महिन्यांनी तिने पानं उलटून त्या मोजल्या आणि आकडा सांगितला, 46. यंत्र आणि त्याचा लवाजमा मिळून खर्च झाला होता 34,500 रुपये. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला भागाकार करून दाखवावा लागत नाही. एका सकाळचे 750 रुपये, कॉफीची पूड वेगळी.

प्रकरण सुरू झालं न्यू जर्सीत. लेकीकडे चार महिने राहायला गेलो होतो. पहाटे साडेपाचला मला जाग यायची आणि सहाच्या सुमारास खालून कॉफीचा असा वास यायचा की पांघरूण आपोआप बाजूला व्हायचं. जावई यंत्र लावायचा. लेक, जावई, कॉलेजात जाणारी नात आणि मी, चौघं कॉफी पिणारे. प्रत्येकाचे दोन मग, शिवाय जावयाचा गाडीत न्यायचा थर्मास. भांडं रोज भरायचं आणि रोज रिकामं व्हायचं. तिथलं दूध मला रुचलं नाही म्हणून मी काळी कॉफी प्यायला लागलो आणि पंधरा दिवसांत तिच्या प्रेमात पडलो. कडवट नाही, आंबट नाही, घोट उतरल्यावर मागे एक गोडसर चव. हे सगळं त्या यंत्राचं कर्तृत्व, अशी माझी पक्की समजूत झाली.

नोव्हेंबरच्या सेलमध्ये तसंच ड्रिप यंत्र घेतलं, कागदातल्या पुडीवर आपोआप गरम पाणी सोडणारं. आपल्या हिशेबाने 28 हजार. त्याच्या काचेच्या भांड्यात मोजे आणि बनियन कोंबून, पेटीत मधोमध ठेवून घरी, वाघोलीला आणलं. यंत्राचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

अमेरिकेत घरातली वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230ची, एवढं मला ठाऊक होतं. मोबाइलच्या चार्जरला दोन्ही चालतं, हेही ठाऊक होतं. पण 1400 वॉटची हीटरची तार म्हणजे चार्जर नव्हे. ती थेट आपल्या प्लगला लावली असती तर जवळजवळ चौपट वीज खाऊन जळाली असती. म्हणून 6,500 रुपयांचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. पिठाच्या डब्याएवढा, पण दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. ओट्यावर जागा नाही, म्हणून तो खाली. त्यावर हिची पायाची करंगळी आठवड्यातून एकदा तरी आपटायची. वर स्वयंपाकघरात 16 अँपिअरचा सॉकेट एकच, आणि त्यावर मायक्रोवेव्हचा हक्क आधीचा. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर एवढा भार टाकू नका. मी टाकला होता, चौथ्या दिवशी प्लगमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला.

घड्याळाची गंमत त्याहून मोठी. रात्री वेळ लावून ठेवली की सकाळी सहाला यंत्र आपोआप सुरू व्हावं, याच सोयीला मी भुललो होतो. पहिल्या सकाळी सहा वाजले, साडेसहा, सात. कॉफी सुरू झाली सात छत्तीसला. ही म्हणाली, “अहो, तुमच्यासारखंच आहे ते. अमेरिकेहून आल्यापासून उशिरा उठतंय.” कारण शोधायला मला दोन दिवस लागले. काही यंत्रांतलं घड्याळ विजेच्या प्रवाहाची कंपनं मोजून चालतं. अमेरिकेत ती सेकंदाला 60, आपल्याकडे 50. त्यामुळे आपला एक तास त्या घड्याळाला 50 मिनिटांचाच वाटतो. रात्री दहाला लावलेले आठ तास पुरे व्हायला नऊ तास छत्तीस मिनिटं लागतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, ही कंपनं बदलत नाही.

पुढची फजिती पुडीची. माझ्याकडे नेहमीची फिल्टर कॉफी होती, चिकोरी घातलेली. तीच कागदी फिल्टरमध्ये घातली. चिकोरी पाण्यात विरघळते, लगदा होतो, आणि पूड मुळात बारीक. कागद तुंबला, वरून पाणी येतच राहिलं आणि काळा चिखल बास्केटच्या कडेवरून ओट्यावर उतरला. आपल्या कायद्याने अशा मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणजे मी त्या महागड्या यंत्रात निम्मं भलतंच काही गाळायला निघालो होतो. मग चिकमगळूरच्या मळ्यातल्या बिया मागवल्या आणि घरच्या मिक्सरमध्ये दळल्या. पातं बिया दळत नाही, फोडतं. निम्मी भरड, निम्मी मैद्यासारखी. मैद्यातून कडूपणा उतरतो आणि भरडीतून आंबटपणा, दोन्ही एकाच कपात. जावयाकडे यंत्राशेजारी एक करडा ठोकळा असायचा, त्याचा आवाज मी रोज ऐकत होतो. तो जात्यासारखा दोन दातेरी चकत्यांमधून बी काढणारा ग्राइंडर होता. मला तो कधी महत्त्वाचा वाटलाच नाही.

पाण्याने तर अंत पाहिला. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवलं की आकडा 700 च्या पुढे. तीन महिन्यांत यंत्राच्या नळीत पांढरा थर बसला आणि पाणी धापा टाकत येऊ लागलं. वाण्याकडून सायट्रिक अ‍ॅसिड आणून, दोन चमचे पाण्यात विरघळवून दोनदा फिरवलं तेव्हा मोकळं झालं. मग आरओचं पाणी वापरलं, त्याचा आकडा 40. यंत्र खूश, कॉफी मात्र निर्जीव. पाण्यात थोडे क्षार असावेच लागतात. कॉफीच्या जाणकारांच्या संस्थेने, स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने, 150 च्या आसपासचा आकडा चांगला मानला आहे आणि 75 ते 250 चालवून घेतला आहे. शेवटी तीन भांडी आरओ, एक भांडं बोअर, असं मिश्रण केलं. चव सुधारली. त्या दिवशी मी घरभर सगळ्यांना, म्हणजे हिला, ती प्यायला लावली. ही चहावाली. एक घोट घेऊन म्हणाली, “बरी आहे. चहा टाकू का?”

तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कॉफी पिणारा घरात मी एकटा, आणि यंत्र दहा कपांचं. त्याचा कप 125 मिलिलिटरचा, म्हणजे दहा कप सव्वा लिटर. एवढ्या पाण्याला 70 ग्रॅमच्या आसपास पूड लागते आणि एवढी पूड रोज घातली तर 250 ग्रॅमचं पाकीट चौथ्या दिवशी संपतं. मी 300 मिलिलिटरच करायचो, तर रुंद बास्केटच्या तळाशी पुडीचा पापुद्रा तयार व्हायचा आणि पाणी त्यातून न थांबता खाली. उरलेली कॉफी तापत्या पट्टीवर ठेवली की अर्ध्या तासात तिला करपट वास.

आणि दूध. वाघोलीत परतल्यावर महिन्याभरात मी म्हशीच्या दुधाकडे आणि जायफळाकडे परत वळलो, माणसाचा स्वभाव जाईल कुठे. ड्रिप कॉफीत शंभर ग्रॅममागे कॉफीचा अंश असतो सव्वा ग्रॅमच्या आसपास. ती काळीच प्यायची म्हणून तशी पातळ केलेली असते. तिच्यात अर्धं दूध ओतलं की उरतं ते कॉफीचा वास असलेलं दूध. आपल्याला दुधाची कॉफी हवी, तर दक्षिणी फिल्टरमधला दाट डिकॉक्शनच हवं. तो पितळी किंवा स्टीलचा डबा काही शे रुपयांत येतो, त्याला वीज लागत नाही आणि तो मागच्या तीन पिढ्यांपासून बिघडलेला नाही.

एवढं झाल्यावर मी यंत्र उघडून पाहिलं. (ही म्हणाली, हे आधी करायचं होतं.) आत पंप नव्हता. पाणी एका गरम नळीतून जातं, उकळतं, वाफेच्या बुडबुड्यांनी वर ढकललं जातं आणि चाळणीतून पुडीवर पडतं. परत येऊ नये म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह. कितीतरी स्वस्त यंत्रांतही हेच असतं. फरक असतो तो हीटरच्या ताकदीत आणि शिंपडण्यात. स्वस्त यंत्रातलं पहिलं पाणी बरंच गार पडतं आणि शेवटचं उकळतं. महाग यंत्रात ते बहुतेक वेळ 92 ते 96 अंशांच्या टप्प्यात राहतं, भरलेलं भांडं चार ते आठ मिनिटांत उतरतं आणि सगळी पूड सारखी भिजते. जादा पैसे या तीन गोष्टींसाठी असतात. बी, दळण, पाणी, प्रमाण यांतलं काहीच त्या खोक्यात नसतं. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज 200 पर्यंत उतरतं. त्याने हीटरची उष्णता पावपट घटते आणि सहा मिनिटांची कॉफी आठ मिनिटांनी, कडू होऊन, येते.

ही युक्ती तशी जुनीच. 1908 साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून कॉफी गाळली. 1954 मध्ये जर्मनीतच विजेवरचं विगोमॅट आलं, 1972 मध्ये अमेरिकेत मिस्टर कॉफी. नेदरलँड्सची मोकामास्टर यंत्रं 1960च्या दशकापासून बनतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात, म्हणून लोक ती दशकानुदशकं वापरतात. (माझं यंत्र ते नव्हतं.) पण त्या सगळ्यांत मूळ काम बेंट्झबाईंचंच, कागदावरच्या पुडीवर गरम पाणी नीट ओतणं. हात तेवढा विजेचा.

म्हणून आता कोणी विचारलं की मी आधी हाताने ओतायला लावतो. शंकूच्या आकाराचा प्लास्टिकचा ड्रिपर, कागद, किटली आणि हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या, आणि महिनाभर रोज सकाळी करा. पाकिटावर पॅकिंगची नव्हे, भाजल्याची तारीख असलेली बी आणा. एक लिटरला 55 ते 60 ग्रॅम पूड, आधी थोडं पाणी घालून अर्धा मिनिट थांबा; ताजी पूड फुगून वर येते. महिन्याअखेर तुम्हाला ही कॉफी दुधाशिवाय आवडत असेल, आणि चार-पाच जणांसाठी रोज ओतून हात दुखत असेल, तर यंत्राचा विचार करा. कंटाळा येऊन तिसऱ्या आठवड्यात चहावर गेलात, तर 30 हजार वाचले. ग्राइंडर मात्र वाया जात नाही.

घ्यायचंच तर भारतात विकलं जाणारं, 230 व्होल्टचं, ज्याची दुरुस्ती इथे होते असं घ्या. परदेशातून पेटीत आणलेल्याची वॉरंटी बहुधा त्याच देशात राहते. तापत्या पट्टीपेक्षा थर्मासचं भांडं बरं. निम्मं भांडं करायची सोय आहे का, हे विचारा. दुकानात किंवा ओळखीच्यांकडे एकदा करून पाहायला मिळालं तर कॉफी पिण्याआधी चोथा बघा. मधोमध खड्डा आणि कडेला कोरडी पूड दिसली, तर चाळणी नीट शिंपडत नाही. सपाट, सगळीकडे सारखा ओला चोथा म्हणजे पाणी सगळीकडे पोचलं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचं प्रमाणपत्र असेल तर जरूर पाहा, पण ते यंत्राबद्दल सांगतं. तुमच्या घरात कॉफी पिणारे किती, हे ते सांगत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आर्किटेक्ट मुलगी राहते. तिचं ऑफिस खराडीला, सहा जणांचं. मागच्या महिन्यात जिन्यात भेटली, म्हणाली, “काका, ते कॉफीचं यंत्र घेऊ का?” मी बँकेतल्यासारखी चौकशी केली. काळीच पितात, चांगला ग्राइंडर वर्षभर आहे, ऑफिसला नळाचं पाणी, मीटरवर 120. दिवसाला दोन भांडी सहज जातील आणि आत्ता एका मुलाची रोज चाळीस मिनिटं ओतण्यात जातात. मी म्हटलं, “घे.” तिने 230 व्होल्टचं घेतलं. परवा ऑफिसात जाऊन प्यायलो, न्यू जर्सीसारखीच झाली होती. दुधाशिवाय दोन कप घेतले.

माझ्याकडे उरलेले तीनशे कागदी फिल्टर तिच्या बास्केटला बरोबर बसतात, ते तीच घेऊन गेली. यंत्र लेक पुढच्या खेपेला परत नेणार आहे, तिच्या मैत्रिणीला हवंय. ट्रान्सफॉर्मर मात्र कोणी नेत नाही.