छायाचित्राचे कोपरे कां काळवंडतात ?

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं अनेकांस छायाचित्रणाचा छंद आहे. त्यांच्या उपयोगी पडावी अशी एक गोष्ट, जी आम्हांस आमच्याच चुकीनें उमगली, ती येथें सांगतों.

एका समारंभाच्या वेळीं आम्ही वर्गाचें छायाचित्र घेतलें. अंगण अरुंद, म्हणून २४ मिलिमीटरचें रुंद कोनाचें भिंग लाविलें. भिंगास ओरखडा पडूं नये म्हणून त्यावर एक फिल्टर नित्य असेच. आकाश गडद यावें म्हणून वर पोलरायझरहि चढविला. चित्र हातीं आलें तों चारहि कोपरे काळे ! मागल्या रांगेच्या टोकांचीं दोन मुलें अंधारांत बुडालीं होतीं. त्यांपैकीं एकाची आई चित्रांत आपला मुलगा शोधूं लागली, तेव्हां आम्हांस मान खालीं घालावी लागली.

असें कां व्हावें ? मूठ पोकळ करून डोळ्यासमोर धरा. एका मुठींतून पुष्कळ दिसतें. तिच्यापुढें दुसरी धरतांच कडेचें दिसेनासें होतें. फिल्टरास धातूची कड असते. एकावर एक फिल्टर चढविले म्हणजे अशीच नळी बनते आणि तिरपे किरण तिच्या कांठावर अडतात. ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटींत ५० मिलिमीटरचें भिंग कर्णावर सुमारें ४७ अंश पाहतें, तर २४ मिलिमीटरचें ८४ अंश. म्हणून पहिल्यावर जें निभावतें तें दुसऱ्यावर निभावत नाहीं. छिद्र लहान करूनहि हा दोष जात नाहीं. उलट सावलीची कड अधिक रेखीव होते.

उपाय सोपे आहेत. नवा फिल्टर लावण्यापूर्वीं जुना काढावा. रुंद कोनाच्या भिंगास पातळ कडेचा फिल्टर घ्यावा. दोन फिल्टर लावणें अटळच असेल, तर स्टेप-अप रिंग बसवून मोठ्या व्यासाचे घ्यावे. उदाहरणार्थ, ६७ मिलिमीटरच्या भिंगावर ७७ मिलिमीटरचे. मागें सरण्यास जागा असल्यास अधिक मिलिमीटरचें भिंग वापरावें.

शेवटीं, कार्यापूर्वीं पांढऱ्या भिंतीचें एक चित्र, जें छिद्र वापरावयाचें तेंच ठेवून, घेऊन पाहावें. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या दर्शकांत चित्राची कड पूर्ण दिसत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष चित्राचेच कोपरे तपासावे.

पुढील खेपेस आम्ही दोन्ही फिल्टर काढून ठेविले. आकाश थोडें फिकट आलें खरें. पण टोकाचीं मुलेंहि स्पष्ट ओळखूं आलीं. मधल्यांचे चेहरे सहज येतात. कोपऱ्यांत उभें राहणाऱ्याची काळजी मात्र छायाचित्रकारासच घ्यावी लागते.