ऐसराचे गणगोत

मोताळ्याहून बुलढाण्याला निघाले की राजूरचा घाट लागतो. पावसाळ्यात घाटाच्या उतारावरचे साग माथ्यावर पांढुरक्या फुलांचे मोठमोठे तुरे घेऊन उभे दिसतात. ओढ्यांच्या आणि नळगंगेच्या काठी निरगुडी असते, रस्त्याच्या कडेला घाणेरी माजलेली असते, आणि तुळस तर घरोघरी अंगणातच असते. या चौघांपैकी तिघे एका कुलातले आहेत आणि एक परका आहे. तो परका कोण?

जुन्या पुस्तकात पाहाल तर उत्तर मिळेल : तुळस. साग, निरगुडी आणि घाणेरी ही व्हर्बिनेसी कुलातली; मराठीत या कुलाला ‘साग कुल’ असेच नाव दिले गेले. तुळस मात्र लॅबिएटी, म्हणजे तुलसी कुलातली. नवे पुस्तक उघडाल तर तेथे साग, निरगुडी आणि तुळस एकत्र, आणि घाणेरी बाहेर! शाळेच्या कपाटात ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी असू शकतात. मग परीक्षेत लिहावे तरी काय?

हा गुंता कसा झाला आणि कसा सुटला, हे समजून घ्यायला एक पाचवे झाड फार उपयोगी पडते. ते मोताळ्याच्या रानात मिळणार नाही. त्याचे नाव ऐसर.

ऐसर हे कोकणातले आणि सह्याद्रीच्या पावसाळी भागातले मोठे झुडूप किंवा लहान झाड. बुलढाणा जिल्ह्यात वर्षाला सातआठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर ऐसर जेथे सुखाने वाढतो त्या आंबोलीला सात हजारांच्या घरात. कधी सहल तिकडे गेली, तर समोरासमोर जोडीने आलेली मोठी, लांबट पाने पाहा. पान उलटले की खालची बाजू मऊ लोकरीसारखी लागते. भिंगातून पाहिल्यास त्या लवेतला एकेक केस चांदणीसारखा फाटलेला दिसतो. पानांच्या बगलेत अगदी लहान, फिकट जांभळ्या फुलांचे झुबके येतात. फुलाला चार पाकळ्या आणि चार पुंकेसर. मग येतात ती फळे : गोल, मोहरीहून मोठी पण मिरीहून लहान, पिकल्यावर काळसर जांभळी.

याच्या वंशाचे नाव कॅलिकार्पा. ‘कॅलॉस’ म्हणजे सौंदर्य आणि ‘कार्पोस’ म्हणजे फळ, या ग्रीक शब्दांवरून हे नाव झाले. या वंशात शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा आशियात आहेत. अमेरिकेतल्या जातीची फळे तर इतकी झगझगीत जांभळी असतात, की पाने गळल्यावर फांदीला मण्यांचे गजरे बांधल्यासारखे वाटतात. आपला ऐसर त्या मानाने साधा. पण नाव तेच.

गंमत अशी, की ज्या फळावरून हे नाव पडले त्याच फळाने वनस्पतिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ चकवले.

तुळशीचे फूल घ्या. पाकळ्या अलगद काढल्या की तळाशी किंजपुट दिसतो. तो चार गोलसर भागांत खोल विभागलेला असतो, आणि मधल्या खळग्यातून बारीक किंजल वर येतो. पुढे हे चार भाग सुटे होतात. मंजिरी चोळल्यावर हातात येणारे काळपट दाणे ते हेच. ऐसराचा किंजपुट तसा नाही. तो एकसंध, गुळगुळीत, आणि किंजल त्याच्या डोक्यावर. त्याचे अखंड गरदार फळ बनते. सागाचे आणि निरगुडीचेही असेच, आणि घाणेरीचेही असेच. तेव्हा एकसंध किंजपुटाचे सारे एका बाजूला आणि चार भागांचे दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ऐसर व्हर्बिनेसीतच आहे.

पण ऐसराचे फळ फोडून पाहिले तर आत चार आठळ्या निघतात. तुळशीचे चार दाणे उघड्यावर, ऐसराचे चार गरात झाकलेले! मात्र या ‘चार’ आकड्यावर लगेच भुलू नका. बागेतल्या व्हर्बेनाचे फळही चार तुकड्यांत फुटते, आणि व्हर्बेना तर त्या कुलाची नावाची मालकीण. तेव्हा नाते ठरवायला आणखी खोल जावे लागले.

ते काम स्वेन जुनेल या स्वीडिश शास्त्रज्ञाने केले. त्याने अशा अनेक वनस्पतींच्या किंजपुटांचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बीजके नेमकी कोठे चिकटलेली आहेत, एवढाच त्याचा प्रश्न. किंजपुटाच्या भिंतीची कड आत वळलेली असते. व्हर्बेना, घाणेरी यांच्यात बीजके त्या कडेच्या अगदी टोकावर. तुळस, निरगुडी, साग, ऐसर यांच्यात टोक सोडून बाजूला. १९३४ साली त्याने सांगितले, की ही दुसरी मंडळी तुळशीची आहेत. केसाएवढ्या फरकावर एवढी मोठी उलथापालथ कोण लगेच मान्य करणार? १९९२ साली फिलिप कँटिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सर्व वंश तुलसी कुलात घेतले, आणि त्यानंतर डी.एन.ए.च्या तपासणीनेही तीच साक्ष दिली. २०१७ साली साग आणि ऐसर यांना तुलसी कुलातच एकेक स्वतंत्र उपकुल मिळाले. म्हणजे दोघे सख्खे भाऊ नव्हेत. एकाच मोठ्या घराण्याच्या जुन्या, वेगळ्या पात्या. ‘साग कुल’ या मराठी नावाची मात्र पंचाईत झाली, कारण साग स्वतःच त्या कुलातून उठून गेला!

डी.एन.ए. काही शाळेत तपासता येत नाही. पण नात्याची एक खूण बिनखर्चात पाहता येते, आणि ती मोताळ्यातच पाहता येते. त्यासाठी खोड चौकोनी आहे का, पाने समोरासमोर आहेत का, हे पाहून उपयोग नाही; ते चौघांतही सारखेच आढळते. पाहायचे ते फुले उमलण्याचा क्रम.

घाणेरीचा झुबका घ्या. भिंगही नको. फूल उमलताना पिवळे असते आणि जुने झाले की नारिंगी किंवा गुलाबी होते. झुबक्यात गुलाबी फुले बाहेर, पिवळी आत आणि मधोमध कळ्या. म्हणजे बाहेरचे फूल वडील, मधले धाकटे. दांड्याचे टोक वाढतच राहते. याला अकुंठित फुलोरा म्हणतात. आता सागाच्या तुऱ्याची एक लहान डहाळी घ्या. ती दुभंगत जाते, आणि प्रत्येक बेचक्यात एक फूल असते. ते आधी उमलते, बाजूची मागून. दांड्याचे टोक फुलातच संपते आणि वाढ बाजूंनी पुढे जाते; हा कुंठित प्रकार. निरगुडीच्या लहान झुबक्यांत हेच, ऐसराच्या झुबक्यांतही हेच. तुळशीत थोडे फसायला होते, कारण मंजिरी खालून वर फुलत जाते. तेथे सबंध मंजिरी न पाहता एकच पेर पाहावे. पेरावर तीन तीन फुलांच्या दोन जुड्या असतात, आणि जुडीतले मधले फूल पहिले उमलते.

हे नाते कळून काय मिळते, असे कोणी विचारील. एक हकिगत सांगतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील एका शास्त्रज्ञाचे आजोबा सांगत, की तेथल्या कॅलिकार्पाची पाने चुरगळून घोड्या-खेचरांच्या पाठीवर ठेवली की चावऱ्या माश्या दूर राहतात. २००५ साली संशोधकांनी त्या पानांतून डासांना चावण्यापासून परावृत्त करणारी द्रव्ये वेगळी केली. त्यांतल्या एकाचे नाव कॅलिकार्पेनाल. आपल्याकडे धान्याच्या कणगीत निरगुडीचा पाला घालतात, तो किडीसाठीच. एका कुलात शोध लागला की कुलातील इतरांकडे पाहण्याचे कारण मिळते. मात्र चुकीच्या घरी जाऊन चालत नाही : घाणेरीचा पाला गुरांना विषारी आहे.

जुलै-ऑगस्टात वाऱ्याने मोडलेले सागाचे तुरे झाडाखाली पडलेले सापडतात, ते घ्यावेत. फांदी तोडू नये. बेचक्यातले फूल गळून गेले असेल तर तेथे फुगत चाललेले फळ असते आणि दोन्ही बाजूंना अजून कळ्या. त्यावरूनही क्रम ठरवता येतो.