तोलामोलाची जोड

कुस्तीच्या मैदानात 'जोड' या शब्दाला मोठे वजन आहे. जत्रेतील मैदानावर कोणाची कुस्ती कोणाशी लावावयाची हे ठरविणारी वस्ताद मंडळी दोन्ही मल्लांची अंगलट, उंची, वय, मेहनत आणि लौकिक न्याहाळतात, आणि मगच जोड लावतात. जोड विजोड लागली, तर गर्दीतील साधा शेतकरीसुद्धा उठून ओरडतो. जिंकणार कोण हे आधीच ठरलेले असेल, तर धुळीत बसून कुस्ती पाहावयाची कशासाठी? स्पर्धेतील न्याय हा विषय तत्त्वज्ञांनी ग्रंथांत मांडला असेल. आपल्या खेडुतांनी मात्र तो आखाड्याच्या कडेला बसून शिकून घेतला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हे येथे सांगण्याचे कारण असे की, आपण घरोघरी ज्या साहसस्पर्धा दूरचित्रवाणीवर आवडीने पाहतो, त्यांत जोड लावणारा वस्ताद कोण, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. 'खतरों के खिलाडी' हा कार्यक्रम घ्या. २००८ साली तो सुरू झाला तेव्हा त्यातील तेराही स्पर्धक स्त्रिया होत्या. २००९ च्या दुसऱ्या पर्वातही स्पर्धा स्त्रियांचीच होती. नेत्रा रघुरामन आणि अनुष्का मनचंदा यांनी ती दोन पर्वे जिंकली. २०१० साली केवळ पुरुष घेतले गेले. पुढे २०१४ पासून स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरू लागले, आणि त्या वर्षापासून २०२४ पर्यंतच्या दहा मुख्य पर्वांत एकच स्त्री विजयी ठरली : २०२० साली करिश्मा तन्ना. (त्याच वर्षी एका लहानशा विशेष पर्वात निया शर्मा जिंकली, ते निराळे.)

दहांत एक! नववीच्या वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मुलांच्या बाजूने लगेच उत्तर आले, "बाई, ताकदच कमी, त्याला कोण काय करणार?" मुलींच्या बाजूने तितक्याच तातडीने उत्तर आले, "पक्षपात, दुसरे काय!" दोन्ही उत्तरे उतावळी आहेत असे माझे मत आहे.

धावण्याच्या शर्यतीत अंतर आधी ठरलेले असते. गोळ्याचे वजन नियमपुस्तकात छापलेले असते. साहसाच्या कार्यक्रमात तसे नसते. आज दोरीला लोंबकळावयाचे, उद्या उंचावरील तारेवरून तोल सांभाळीत जावयाचे, परवा विंचवांच्या पेटीत हात घालावयाचा, हे सारे कार्यक्रम रचणारा ठरवितो. लोंबकळण्यात खांद्यांचे व दंडांचे बळ लागते, तारेवर तोल लागतो, पेटीपाशी केवळ मनाचा धीर लागतो. दहा कसोट्यांपैकी सात दंडांच्या निवडल्या तर एक निकाल लागेल. सात तोलाच्या आणि धीराच्या निवडल्या तर दुसरा. कसोटी निवडणाऱ्याने निम्मा निकाल अगोदरच लिहिलेला असतो. त्याचा हेतू चांगला की वाईट, हा प्रश्न येथे गौण आहे.

तमाशा आणि स्पर्धा यांची ही सरमिसळ आजची नव्हे. ज्या काळी दूरचित्रवाणी नव्हती, त्या काळी कुस्तीचे जंगी सामने तिकिटे लावून भरत, आणि त्यांत एका स्त्रीने असा गाजावाजा करून सोडला होता की, आजच्या कार्यक्रमांनी हेवा करावा. तिचे नाव हमीदा बानू. या बाई मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. कुस्ती शिकल्या अलीगढच्या सलाम पहिलवानांपाशी. वृत्तपत्रांत त्यांची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो असल्याचे छापून येई. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे २० हजार लोक जमले होते. गुंगाने ऐन वेळी अवाजवी मागण्या केल्या, कुस्ती रद्द झाली, आणि चिडलेल्या लोकांनी मोडतोड केली.

१९५४ च्या फेब्रुवारीत या बाईंनी जाहीर केले की, जो पुरुष मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. ही घोषणा ऐकून हसू येते खरे. पण तिच्यामागील व्यवहार ध्यानात घ्यावा. स्त्री मल्लाशी लढण्यास सहसा कोणी पुरुष तयार होत नसे. हरला तर नाचक्की. जिंकला तरी बाईला हरविले म्हणून शाबासकी नाही. प्रतिस्पर्धी मिळवावयाचा तर असे काही विलक्षण आमिष दाखविणे भाग होते. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल त्यांनी लवळात लवकर चीत केले. मे महिन्यात त्या बडोद्यास गेल्या. तेथील महाराजांच्या आश्रयाला असलेल्या छोट्या गामा पहिलवानाने स्त्रीशी लढण्यास नकार दिला, तेव्हा बाबा पहिलवान पुढे आला. ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली.

आपल्या महाराष्ट्रात मात्र त्यांना निराळा अनुभव आला. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान तेथलेच. त्या कोल्हापुरात शोभासिंग पंजाबी या मल्लाला हमीदा बानूंनी हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली, दगड फेकले, आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. पुढे मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली. बाईंनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. मोरारजींनी उत्तर दिले की, बंदी स्त्री म्हणून घातलेली नाही. सामने भरविणारे लोक त्यांच्यासमोर लुटुपुटीचे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत.

या उत्तराचा विचार प्रत्येकाने करण्यासारखा आहे. नुरा कुस्ती, म्हणजे आधी संगनमत करून केलेली कुस्ती, त्या काळी पुरुषांतही होत असे. सामने भरविणारे गल्ल्यासाठी काहीही करीत. हमीदा बानूंच्या एका सामन्याबरोबर लंगडा मल्ल आणि आंधळा मल्ल यांची कुस्तीही त्यांनी जाहीर केली होती. तेव्हा शंका अगदीच निराधार होती असे नाही. पण शंकेचा भार कोणावर पडला? जो सामना रचतो त्याच्यावर नव्हे. जी लढते तिच्यावर. ती जिंकली तर प्रतिस्पर्धी खोटा. आणि खऱ्या प्रतिस्पर्ध्याने लढण्यास नकार दिला तर आपले बळ तिने सिद्ध करावे कसे? दोन्ही दारे बंद. आजही साहसाच्या कार्यक्रमात एखादी मुलगी जिंकली की, तिला 'जिंकविले' असे म्हणणारे पुष्कळ निघतात. मुलगा जिंकला तर हा संशय इतक्या लवकर कोणाच्या मनात येत नाही.

हमीदा बानूंनी त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री मल्लाला एका मिनिटाच्या आत हरविले. उत्तरायुष्यात त्या कल्याणला राहिल्या, दूध विकून त्यांनी गुजराण केली, आणि १९८६ साली त्या वारल्या. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १०८ किलोच्या स्त्रीची हलक्या पुरुषाशी कुस्ती हीसुद्धा वस्तादांच्या दृष्टीने विजोडच. आज कुस्तीत वजनगट काटेकोर पाळतात ते यासाठीच. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट हिला अंतिम लढतीच्या दिवशी १०० ग्रॅम जादा वजनामुळे बाद केले गेले. नियम कठोर खरा. परंतु तो आधी लिहिलेला होता आणि सर्वांना एकच होता.

आता शरीराकडे वळू. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्या बळात फारसे अंतर नसते. पुढे संप्रेरकांमुळे मुलग्यांची उंची, स्नायू आणि फुप्फुसे अधिक वाढतात. हा फरक पायांपेक्षा दंडांत व खांद्यांत जास्त असतो. १०० मीटर धावण्याचा पुरुषांचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंदांचा (युसेन बोल्ट, २००९) आणि स्त्रियांचा १०.४९ सेकंदांचा (फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर, १९८८) आहे. म्हणजे अंतर सुमारे साडेनऊ टक्के. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर, येथे सुमारे १६ टक्के. पण कसोटी बदलली की चित्र पालटते. १९२६ साली गरट्रूड एडर्ली या तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा तिने तोवरच्या पुरुषांच्या विक्रमापेक्षा जवळजवळ दोन तास कमी घेतले. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी स्त्री-पुरुषांची एकत्र होती. सुवर्णपदक चीनच्या झांग शान या स्त्रीने मिळविले. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये हा प्रकार केवळ पुरुषांसाठी ठेवला गेला, आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र स्कीट २००० साली सुरू झाली. मधल्या स्पर्धेत जगज्जेत्या नेमबाज स्त्रीला आपले पदक राखण्यासाठी उभे राहावयास जागाच नव्हती.

आपल्या अंबरपेठेतच एक उदाहरण आहे, त्यासाठी बार्सेलोनापर्यंत जावयास नको. येथील पोलिसांची मैदाने तुम्ही पाहिलेली आहेत. तेलंगण पोलीस भरतीत २०२२ साली शारीरिक कसोटी अशी होती : पुरुषांनी १६०० मीटर ७ मिनिटे १५ सेकंदांत धावावयाचे आणि ४ मीटर उडी मारावयाची, स्त्रियांनी ८०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत धावावयाचे आणि अडीच मीटर उडी मारावयाची. गणित करून पाहा. पुरुषांचा अपेक्षित वेग सेकंदाला सुमारे ३.६८ मीटर, स्त्रियांचा बरोबर २.५ मीटर, आणि तोही निम्म्या अंतरावर. हे अंतर सुमारे ३२ टक्क्यांचे होते. उडीत ते साडेसदतीस टक्के होते. जागतिक विक्रमांतील अंतर आपण वर पाहिलेच. उरलेला फरक निसर्गाने केलेला नव्हे. मुलींना लहानपणापासून मैदान मिळत नाही, हे त्या आकड्यांत गृहीत धरलेले आहे. परीक्षा घेणाऱ्यांना दोष द्यावा असे मी म्हणत नाही. ज्या मुली खरोखर समोर येतात त्यांच्याकडे पाहूनच मापे बांधावी लागतात. परंतु सवलतीची ही मापे पाहूनच लोक उद्या त्या शिपाईबाईला हिणवितात, हेही खरे.

स्वतंत्र गट केला की सर्व प्रश्न मिटतात असेही नव्हे. हैदराबादेत सराव केलेली धावपटू द्युती चंद हिला २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले, कारण तिच्या शरीरात निसर्गतःच एक संप्रेरक ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक होते. तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली, आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. जोड लावण्याचे काम किती नाजूक आहे ते यावरून दिसते. शेजारच्या निजामाबादची निखत झरीन हिची गोष्ट साधी आणि म्हणून मला अधिक आवडते. २०१९ साली तिने मेरी कोमसारख्या थोर खेळाडूविरुद्ध निवड चाचणी मागितली. क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिले. चाचणी झाली, आणि ती ९-१ अशी हरली. तिने विजय मागितला नव्हता, रिंगण मागितले होते. २०२२ साली ती जगज्जेती झाली, २०२३ साली पुन्हा.

महाराष्ट्र केसरी ही पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून चालत आली आहे. स्त्रियांसाठीची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीस २०२३ साली झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. मध्ये ६२ वर्षे गेली! ही वर्षे केवळ आखाड्यात गेली असे नव्हे, भाषेतही गेली. कोल्हापूरकडे लाठी, पट्टा, दांडपट्टा या कसबांना 'मर्दानी खेळ' म्हणतात. आज मुली ते उत्तम खेळतात, आणि तरीही नाव तेच. 'पहिलवान' या शब्दाला स्त्रीलिंगी रूप मराठीत रुळलेले नाही. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्यात घरातील लहान मुलीविषयी बोलताना नपुंसकलिंग वापरतात, 'तें आयलें, तें गेलें'. त्यात माया आहे, हे मी जाणते. पण धावपट्टीवर उभ्या असलेल्या मुलीला 'तें' म्हणावे असे मला वाटत नाही.

येत्या क्रीडामहोत्सवापूर्वी वर्गावर्गांतून एक प्रयोग करून पाहावा. १०० मीटर धावणे, गोळाफेक, लांब उडी, आडव्या दांडीला लोंबकळणे, एका पायावर डोळे मिटून उभे राहणे, दोरीवरच्या उड्या, ठरलेल्या खुणेवर चेंडू मारणे, जमिनीवर आखलेल्या रेषेवरून पाण्याने भरलेला पेला न सांडता नेणे, अशा आठ कसोट्या घ्याव्या आणि प्रत्येकाचे क्रमांक नोंदवावे. मग त्यांतील कोणत्याही चारच मोजून विजेता काढावा. नंतर उरलेल्या चार मोजून पुन्हा काढावा. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. गणिताच्या शिक्षकांनी ते पडताळून द्यावे. निवडक चार कसोट्या कोणत्या, हे एकदा फक्त मुलांनी ठरवावे, एकदा फक्त मुलींनी, आणि एकदा चिठ्ठ्या टाकून. तीन याद्या सूचनाफलकावर शेजारी शेजारी लावाव्या. मोजपट्टी आणि वेळ मोजण्याचे घड्याळ क्रीडाशिक्षकांकडे मिळेल.