स्ट्रिप उलटी करून वाचा

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शुगरसाठी एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे. मूळ ब्रँडची एक गोळी साठ रुपयांच्या घरात, म्हणजे महिन्याला अठराशे फक्त या एका औषधाचे. मार्च 2025 मध्ये त्याचं भारतातलं पेटंट संपलं आणि इतर कंपन्यांनी तेच औषध दहा-पंधरा रुपयांना, काहींनी तर त्याहूनही कमी दराने आणलं. पेटंट संपल्याचं सांगायला घरी कुणी येत नाही. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असलं की महिन्यामागून महिने तेच येत राहतं.

शेजारणीकडून कळलं तशी मेडिकलमध्ये विचारलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काकू, सेमच आहे, ही न्या, स्वस्त पडेल." मी स्ट्रिप उलटी केली. मागे बारीक अक्षरांत एम्पाग्लिफ्लोझिन होतं, पण त्याच्या खाली मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ असंही होतं. अण्णा मेटफॉर्मिन वेगळं घेतातच! ही गोळी घरी नेली असती तर त्यांच्या पोटात ते दुप्पट गेलं असतं. स्ट्रिप तिथेच ठेवली.

चिठ्ठीवर लागणाऱ्या अशा औषधाच्या जागी परस्पर दुसरं काही देण्याची मुभा दुकानदाराला नसते. त्यामुळे स्वस्ताची वाट डॉक्टरांच्या केबिनमधूनच जाते. "महिन्याचा खर्च झेपत नाही, यातलं स्वस्त काही चालेल का?" एवढंच विचारायचं. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला लोकांना उगाच लाज वाटते. आमच्या डॉक्टरांनी ब्रँड खोडून औषधाचं नाव आणि ताकद लिहून दिली. मिनिटभराचं काम.

मग भाव पाहायचे, तेही गोळीमागे. कुणाची स्ट्रिप दहाची असते, कुणाची चौदाची, कुणाची पंधराची; पाकिटावरच्या किमतीवरून काहीच कळत नाही. वीस टक्के सूट ऐकूनही हुरळू नका. साठाचे अठ्ठेचाळीस झाले, तरी बारापुढे ते चौपटच. जनऔषधी केंद्रात काय मिळतं आणि कितीला, ते 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर घरबसल्या दिसतं, जवळचं केंद्रही सापडतं. मात्र औषध शिल्लक आहे का, हे फोन करून विचारलेलं बरं.

सगळ्याच गोळ्यांना हा हिशेब लावू नका. थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांत मात्रेचा थोडासा फरकही बाधतो. तिथे कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगूनच, आणि ते म्हणतील तेव्हा रक्त तपासून. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असेल तर ती अक्षरंही जुळायला हवीत. ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी असते. जुन्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पैसे देण्याआधी नवी स्ट्रिप त्याच्याशी ताडून बघा.