जुना खेळ, नवे यंत्र

मुलांनो, जुनी कॅसेट मोबाइलमध्ये वाजत नाही. व्हिडिओ गेमचेही तसेच आहे. दोन यंत्रांची भाषा वेगळी असली, तर नव्या यंत्राला जुना खेळ समजत नाही.

उर्दू आणि मराठी बोलणाऱ्यांमध्ये दुभाष्या असतो ना? तसाच एक प्रोग्राम नव्या यंत्रात घालतात. २०१५ साली 'एक्सबॉक्स वन'वर 'एक्सबॉक्स ३६०'चे अनेक खेळ असेच चालू लागले.

दुसरा उपाय क्लाउडचा. यात खेळ दूरच्या मोठ्या संगणकावर चालतो. आपण बटण दाबतो; संदेश इंटरनेटने तिकडे जातो आणि चित्र आपल्या पडद्यावर येते. दोंडाईच्यातल्या घरात महाग यंत्र नसले तरी चालते. पण इंटरनेट मंदावले, की खेळ अडखळतो.

आणि सेवाच बंद पडली तर? गूगलची 'स्टेडिया' ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. ग्राहकांना खेळांचे पैसे परत मिळाले. पण खेळ हातचे गेले. तबकडी घरात असेल, तर ती वाचणारे यंत्र चालू असेपर्यंत खेळ आपल्याजवळ राहतो.

शब्दार्थ : दुभाष्या – एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा, तबकडी – डिस्क.

प्रश्न : क्लाउडवरील खेळाचा एक फायदा व एक तोटा लिहा.